रुमालात बांधलेलं गाव

[दृश्य : पुणे पुराभिलेखागाराची दगडी इमारत. आत मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे.]

निवेदन :

ही इमारत १८९१ सालची. पाटीवर नाव पुराभिलेखागार, पण जुनेजाणते अजूनही ‘पेशवे दफ्तर’च म्हणतात. कापडात बांधलेल्या या प्रत्येक गठ्ठ्याला म्हणायचं रुमाल. असे हजारो रुमाल, त्यांत कोट्यवधी कागद, आणि त्यातले बहुतेक मोडी लिपीत.

हे कागद टिकले ते शेतसाऱ्यापायी. १८१८ साली पेशवाई गेली आणि दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. कोणाचं इनाम, म्हणजे सारामाफीची जमीन, खरं, कोणाकडून सारा वसूल करायचा, हे त्यांना ठरवायचं होतं. १८५२ च्या कायद्याने ते काम इनाम कमिशनकडे गेलं. पुरावा हवा, म्हणून कागद जपले गेले.

घराण्याचा शोध घ्यायला येणारा बहुधा आडनाव घेऊन येतो. इथे आडनावावर फारसं काही हाती लागत नाही. जुन्या कागदात माणूस भेटतो तो ‘अमुक बिन तमुक, पाटील, मौजे फलाणे’ असा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. तेव्हा आधी गाव पक्कं करा. गाव कोणत्या तर्फेत, म्हणजे तेव्हाच्या गावांच्या गटात, आणि कोणत्या प्रांतात होतं, तेही शोधा. आजचा तालुका कामाचा नाही.

त्यासाठी आधी घरच्या जमिनीचे फेरफार बघा. मग तहसील कचेरीतलं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने कितीतरी कुटुंबांनी ही रजिस्टरं पहिल्यांदाच उघडून पाहिली. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नका. यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने नावगाव लिहिलेलं तिथे सापडू शकतं.

[दृश्य : मोडी कागद, अगदी जवळून.]

आता हा कागद बघा. लेखकाने आधी पानभर आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत नेली. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, लिहिणं थांबू द्यायचं नाही.

आणि तारीख? ‘सन खमस सबैन मया व अलफ.’ हे अरबी आकडे. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७५. हा सुहूर सन, मृग नक्षत्राला सुरू होणारा. त्यात ५९९ मिळवा. म्हणजे हे वर्ष जून १७७४ ला लागलं. एकदा हिशेब बसला की भराभर जमतं.

मला या दफ्तरात सगळ्यात जास्त ओढ लागते ती महजराची. पाटीलकीसारख्या वतनाचा वाद पडला की गोत, म्हणजे गावची जाणती मंडळी, जमायचं, साक्षी व्हायच्या, निवाडा कागदावर यायचा. खाली सह्या. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या सहीच्या जागी निशाणी. पाटलाचा नांगर. न्हाव्याचा आरसा. चांभाराची आरी. हातभर कागदावर अख्खं गाव आपापलं हत्यार घेऊन हजर असतं. लढाया आणि तह खूप वाचले, पण माणसं इतकी जवळ आलेली मी फक्त इथे पाहिली.

एक मात्र मनाला लागतं. कागदावर घराणं येतं ते वतन असेल, देणं असेल, भांडण असेल तेव्हा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, मानपान नव्हता, त्यांच्या पिढ्या या रुमालांत फार थोड्या दिसतात. त्यांच्यासाठी ही एवढीशी निशाणीच लाखमोलाची. म्हणून महजर हाती आला तर फक्त आपल्या घराचं नाव टिपून उठू नका, सगळ्या निशाण्या उतरवून घ्या. कोणाला तरी त्यात आपला माणूस सापडेल.

[दृश्य : वाचनकक्ष.]

मोडी शिकायला अवघड नाही. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं. रोज सराव हवा, एवढंच.

आणि आपलं गाव पेशव्यांच्या मुलखात नव्हतंच असं निघालं, तर वाट बदला. करवीर संस्थानातल्या गावासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यातल्या गावासाठी बहुधा हैदराबाद गाठावं लागतं, आणि तिथे फारसी आणि उर्दू वाचणारा कोणीतरी सोबत हवा.