टाकीभर पाण्यावरचा हिवाळा

[पहाट. वाळवंटात दूरवर पांगलेल्या गाड्यांच्या टपांवर पहिलं ऊन.]

जानेवारीतली सकाळ. रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला होता, गारठा अजून गेलेला नाही. एका पांढऱ्या गाडीचं दार उघडतं. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत खाली उतरतात आणि फडक्याने सोलर पॅनल पुसायला लागतात. रात्रीतून त्यावर बारीक धूळ बसलेली असते. धूळ राहिली तर बॅटरी पुरती चार्ज होत नाही आणि संध्याकाळी दिवे लवकर मालवावे लागतात. म्हणून आधी हे काम, कॉफी नंतर.

हे क्वार्ट्झसाइट. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून साधारण 30 किलोमीटरवर. 2020 च्या जनगणनेत गावात माणसं मोजली गेली 2,413. उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि रस्ते ओस पडतात. हिवाळ्यात मात्र गावाभोवतीचं सोनोरन वाळवंट भरून जातं. अमेरिकेच्या उत्तरेची मिनेसोटा, मोंटाना, कॅनडाचे अल्बर्टा, सस्कॅचवान... गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचत गेलं तरी कळतं, कुठे कुठे बर्फ पडतोय. या लोकांना सगळे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. बर्फ पडायच्या आत दक्षिणेकडे निघायचं आणि वसंतात परतायचं, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. बहुतेक जण निवृत्त. बिऱ्हाड चाकांवर. झोपायची जागा, ओटा, संडास, सगळं त्या एका गाडीत.

[महामार्ग. दक्षिणेला वळणाऱ्या गाड्यांची रांग.]

गावाच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ नावाचा सुमारे 11,400 एकरांचा सरकारी माळ आहे. तो ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या ताब्यात. लोक पूर्वीपासून इथे येऊन राहत होतेच. 1983 मध्ये खात्याने मुक्कामासाठी ठरावीक जागा आखून दिल्या, कारण या जमिनीवरची जखम लवकर भरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 पासून, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या या वाळवंटी टापूत अमेरिकी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला होता. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात. मग हजारो गाड्या वाटेल तिथे फिरल्या तर काय होईल?

मुक्कामाचा परवाना 15 सप्टेंबर ते 15 एप्रिलपर्यंतचा. वर्षानुवर्षं तो 180 डॉलरला मिळत आला. त्या पैशात जागा मिळते, पाणी भरायची सोय मिळते, सांडपाणी आणि कचरा टाकायची सोय मिळते. वीजजोडणी नाही, दारात नळ नाही. बाकी सगळं ज्याचं त्याने बघायचं.

आणि हे बघणं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

[गाडीच्या आतला ओटा. दोन हात भांडी पुसताहेत.]

गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. पहिली रिकामी झाली किंवा उरलेल्या दोघींतली एखादी भरली, की गाडी हलवावी लागते. मग इथल्या आजी ताटं आधी कागदाने स्वच्छ पुसून घेतात. नंतर फवाऱ्याच्या बाटलीतून थोडं थोडं पाणी मारत ती धुतात. आजोबा अंग ओलं करून नळ बंद करतात, साबण लावतात आणि मगच नळ पुन्हा सोडतात. गरम पाणी यायच्या आधी जो गार ओघ येतो, तोही भांड्यात धरतात, कॉफीसाठी. आयुष्यभर नळाखाली हात धुतलेली ही माणसं साठी-सत्तरीत पाण्याचा हिशेब नव्याने शिकली आहेत. ही काटकसर बघताना मला एकदाही कीव आली नाही. त्यांच्या हालचालींत घर चालवणाऱ्या माणसाची ऐट आहे.

दुपारी ऊन सुखाचं असतं. कुणी खडे शोधत हिंडतं, कारण जानेवारी-फेब्रुवारीत इथे दगड-रत्नांची मोठी प्रदर्शनं भरतात आणि खड्यांचं वेड सहज लागतं. कुणी दक्षिणेच्या युमा शहराच्या बाजूने सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस गावी दातांची कामं उरकून येतं. त्या छोट्याशा गावात दंतवैद्यांचे दवाखाने शेकड्यांनी आहेत आणि अमेरिकेपेक्षा खर्च बराच कमी.

[गावातलं स्मशान. दगडी पिरॅमिड, माथ्यावर धातूचा उंट.]

गावाच्या स्मशानात हाजी अली यांची समाधी आहे. नाव ऐकून आपल्याला मुंबईचा दर्गा आठवतो, पण हे हाजी अली वेगळे. 1856 मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, तेव्हा उंटांबरोबर ते समुद्रापार आले. लोकांना नाव नीट उच्चारता येईना, म्हणून ते ‘हाय जॉली’ झाले. उंटांचा प्रयोग बारगळला, ते मात्र इथेच राहिले. 1902 मध्ये वारले, आणि 1935 मध्ये त्यांच्या थडग्यावर हा पिरॅमिड उभा राहिला. दुरून आलेल्या माणसाला या गावाने फार आधीच आपलं म्हटलं आहे.

[संध्याकाळ. शेकोटीभोवती खुर्च्या.]

इथे सगळेच हौसेने आलेले नाहीत, हे सांगायलाच हवं. काहींना उत्तरेकडे परतायला घरच उरलेलं नाही. निवृत्तिवेतनात भाडं परवडेना, म्हणून गाडी हेच घर. शेकोटीपाशी मात्र कुणाची खुर्ची कुठली, यावरून हे कळत नाही. कॅनडातून आलेल्यांना वेगळी चिंता. ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्यसेवेचा हक्क टिकवायचा तर बारा महिन्यांतले किमान 153 दिवस त्या प्रांतात काढावे लागतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली.

गावात मोठं रुग्णालय नाही. पार्कर या गावचं रुग्णालय साधारण 55 किलोमीटरवर. म्हणून शेजारी एकमेकांच्या खिडक्यांकडे लक्ष ठेवतात. आठ वाजून गेले आणि पडदा सरकला नाही, तर कुणीतरी जाऊन दार वाजवतं. मला या वस्तीतलं सर्वांत मोलाचं काही वाटलं असेल, तर ते हे दार वाजवणं. मुलं हजारो किलोमीटरवर असतात, आणि पलीकडच्या गाडीतला माणूस नोव्हेंबरपर्यंत अनोळखी होता.

[एप्रिल. उन्हाचा तडाखा. अंगणाभोवती रचलेले दगड.]

एप्रिल उजाडला की दुपारी सावली शोधावी लागते. खुर्च्या मिटतात, चटया झटकल्या जातात. पांढऱ्या गाडीतल्या बाई पॅनल शेवटचं पुसून टपावर आडवं बसवतात. टाकीत अजून पाणी आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, उत्तरेच्या घाटांतून तेवढं वजन ओढायचं कशाला? शेजारी परवा निघणार आहेत. बाई त्यांची निळी कॅन मागून घेतात, नळी लावतात आणि भरेपर्यंत शेजारी उभ्या राहतात. थेंब सांडू नये म्हणून नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरलेलं.