न वाचता येणारी अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

आपण शब्द देतो, शब्द पाळतो, कधी मोडतो. कुणाकडे आपल्यासाठी शब्द टाकायला सांगतो, आणि एखादा भला माणूस तो खाली पडू देत नाही. शब्द ही हातात धरता येण्यासारखी वस्तू आहे, हे मराठी बोलणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. वाचताना मात्र आपण शब्दाकडे बघतच नाही, थेट अर्थाकडे धावतो. आज ज्या दृश्यकलावंतांबद्दल बोलणार आहे, ते आपल्याला तिथेच, शब्दापाशी, अडवून धरतात.

जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताची १९६५ सालची एक कलाकृती आहे, 'एक आणि तीन खुर्च्या'. भिंतीलगत एक साधी घडीची खुर्ची, एका बाजूला त्याच खुर्चीचा त्याच जागी काढलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूला शब्दकोशातली 'खुर्ची'ची व्याख्या, मोठी करून लावलेली. बस, एवढंच. खरी खुर्ची कोणती, असं कुणी विचारलं तर आपण पटकन मधल्या खुर्चीकडे बोट दाखवू. पण कोसुथ यांच्या मांडणीत खुर्ची बदलू शकते, फोटो नव्या जागी नव्यानं काढायचा असतो. कायम राहते ती व्याख्या. म्हणजे लाकूड बदलतं आणि शब्द टिकतो! प्रश्न चोख आहे. मला मात्र वाटतं, तो एकदा कळला की डोळ्यांना तिथे फार वेळ रमायला काही उरत नाही.

चीनच्या शू बिंग यांच्या कामासमोर माणूस खिळून राहतो, ते वेगळ्या कारणानं. १९८७ पासून पुढची काही वर्षं त्यांनी लाकडी खिळे कोरले. खिळे म्हणजे छपाईचे, एकेका अक्षराचे. हातानं, उलटे, सुमारे चार हजार. ते जुळवून, शाई लावून जुन्या चिनी पद्धतीनं पुस्तकं छापली आणि दोऱ्यानं शिवली. छतापासून झोळीसारखे लोंबणारे लांबच लांब छापील पट्टे केले, भिंतींवर पानं लावली. १९८८ मध्ये बीजिंगला हे काम पहिल्यांदा लोकांनी पाहिलं. आणि या सगळ्यात अर्थ असलेलं एकही अक्षर नव्हतं. चार हजारच्या चार हजार अक्षरं शू बिंग यांनी स्वतः रचलेली.

ही रेघोट्यांची गिचमिड नव्हती, हे लक्षात घ्या. तुम्ही आत्ता डोळे मिटून एक देवनागरी पान आठवा. शिरोरेषा सरळ, काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी, समास मोकळा, वर शीर्षक, खाली बारीक टीपा. लांबून वाटतं, एखादी जुनी पोथी असावी. जवळ जाता. पहिलं अक्षर 'क' वाटतं, पण 'क' नाही. 'भ'चं वळण दिसतं आणि भलतीकडेच जातं. तुम्ही ओळीमागून ओळ शोधता, एक तरी ओळखीचं भेटेल म्हणून. चिनी वाचकांचं नेमकं हेच झालं. शू बिंग यांच्या अक्षरांचे अवयव खरे होते, जोडणी तेवढी कुठल्याच कोशात नव्हती. त्यामुळे आयुष्यभर ग्रंथांत वावरलेला पंडित आणि ज्याला चिनीचा गंधही नाही असा परदेशी पाहुणा, दोघे त्या कागदासमोर सारखेच निरक्षर ठरले. या कामाचं चिनी नाव 'तिएनशू', म्हणजे आकाशातला ग्रंथ. बोलीत मात्र डोक्यावरून जाणाऱ्या लिखाणालाही तोच शब्द आहे.

एवढी मेहनत अर्थ टाळण्यासाठी? मला याचं उत्तर शू बिंग यांच्या बालपणात दिसतं. ते १९५५ साली जन्मले. ते शाळेत अक्षरं गिरवत असताना सरकार चिनी लिपी सोपी करत होतं, शिकलेली अक्षरं बदलत होती. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओंनी जुनं ते सगळं मोडून काढायला छेडलेल्या मोहिमेत, त्यांनी स्वतः घोषणा रंगवल्या. लिहिलेल्या शब्दाचा दरारा त्यांनी जवळून पाहिला होता.

आपल्याकडे अक्षर म्हणजे जे क्षर नाही, ज्याचा नाश होत नाही ते. मुंबईचे जितिश कल्लाट यांनी २००३ मध्ये नेमकी अक्षरंच जाळली. नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण त्यांनी आरशासारख्या ॲक्रिलिकच्या मोठ्या पत्र्यांवर रबराच्या चिकट द्रावानं हातानं लिहिलं आणि पेटवून दिलं. उरली ती करपलेली, काळी अक्षरं. आचेनं पत्रेही वाकले. त्या भाषणातली वचनं वाचायला पुढे झालात की मागे तुमचाच चेहरा दिसतो, वेडावाकडा झालेला. गुजरातच्या दंगलींनंतरचं हे काम. भाषणाचा एकही शब्द त्यांनी बदललेला नाही, आणि तरी ते भाषण आधीसारखं वाचता येत नाही.

शेवटी शिल्पा गुप्ता. त्याही मुंबईच्याच. त्यांचं एक काम २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, होतं. नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर, 'कारण तुझ्या जिभेत मी मावत नाही'. अंधारी खोली. जमिनीतून वर आलेल्या शंभर टोकदार सळ्या, प्रत्येक सळीत खुपसलेला एक कागद आणि कागदावर एका कवीच्या ओळी. हे शंभरही कवी लिहिण्यापायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेले, गेल्या हजाराहून अधिक वर्षांतले, वेगवेगळ्या देशांतले आणि भाषांतले. प्रत्येक कागदावर एकेक माइक टांगलेला.

माझ्यासमोर आत्ता माइक आहे. मी बोलते आणि तो ऐकतो, तुमच्यापर्यंत पोचवतो. गुप्तांनी तिथले माइक उलटे केले आहेत: ते ऐकत नाहीत, बोलतात. तुम्ही सळ्यांमधून, कागदाला धक्का लागणार नाही असं जपून चालत असता. कुठूनतरी एक माइक एक ओळ म्हणतो. भाषा कदाचित तुम्हाला कळत नाही. मग काळोखातून बाकीचे माइक तीच ओळ उचलतात.