पाणी मोजून पिता, तरी डायलिसिसला वजन जास्त का भरतं?

नमस्कार. "पाणी तर मोजूनच पितो, मग हे तीन किलो आले कुठून?" डायलिसिस युनिटमधल्या काट्यासमोर हे वाक्य रोज ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो.

आधी बघा, वजन किती दिवसांत वाढलं. दोन डायलिसिसच्या मधल्या दोन-तीन दिवसांत वाढलं असेल, तर ते पाणी. १ लिटर म्हणजे १ किलो. मांस-चरबी एवढ्या झपाट्याने चढत नाही.

(सलाइनची बाटली दाखवत) ही १ लिटरची बाटली. हिच्यात ९ ग्रॅम मीठ आहे. शरीरही साधारण याच प्रमाणात मीठ आणि पाणी सांभाळतं. चहाचा सपाट चमचाभर मीठ, म्हणजे ५-६ ग्रॅम, पोटात गेलं की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी प्यायल्याशिवाय तहान भागतच नाही. म्हणून पाण्याशी भांडण्यात अर्थ नाही, मीठ कमी करा. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली मिरची. पापडात तर मीठही आणि पापडखारही. सैंधव घेऊन काही फरक पडत नाही, तेही मीठच. आणि 'लो सोडियम' मीठ अजिबात नको: त्यात पोटॅशियम असतं, ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

आता न मोजलेलं पाणी. चहा, ताक, आमटीचं पाणी, कलिंगड, बर्फ, गोळ्यांबरोबरचे घोट. सोपी युक्ती सांगतो. डॉक्टरांनी दिवसाला ८०० मिली सांगितलं असेल, तर सकाळी तेवढं पाणी बाटलीत भरा. कपभर चहा घेतला की बाटलीतून कपभर पाणी ओतून द्या. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला.

खाणंपिणं तेच, तरी वजन वाढतंय? मग लघवी मोजा, पूर्ण २४ तासांची. आधी ५०० मिली होत होती आणि आता जवळजवळ बंद झाली असेल, तर तेवढं पाणी रोज अंगात साठतंय. मधुमेह असेल तर साखरही तपासा, वाढलेल्या साखरेने घसा कोरडाच राहतो.

पोटाचं डायलिसिस, म्हणजे पोटात द्रव भरून केलं जाणारं, करणाऱ्यांनी तो द्रव बाहेर काढूनच वजन करावं, नाहीतर पोटातली २ लिटरची पिशवीही काट्यावर चढते. त्या द्रवातली साखर शरीरात शोषली जाते, म्हणून तिथे चरबीही खरोखर वाढू शकते.

आडवं झाल्यावर दम लागत असेल, दोन-तीन उशा लागत असतील, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच रुग्णालय गाठा.

वजन दोन-तीन महिन्यांत हळूहळू वाढलं, भूक सुधारली, सूज नाही, आणि डायलिसिसच्या शेवटी पायात गोळे येतात, बीपी पडतं? मग वाढलंय ते बहुधा अंग, पाणी नाही. जुन्याच ड्राय वेटवर, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं असं ठरवलेल्या वजनावर, आणायला मशीन गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतंय. डॉक्टरांना ड्राय वेट वाढवायचं का, ते विचारा.

याच्या उलटा प्रकार जास्त फसवा. आजारपणात जेवण तुटलं, पँट कंबरेत सैल झाली, पण काट्यावर आकडा तोच. मांस गेलं, त्या जागी पाणी आलं. घोट्यावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला, तर टेक्निशियनला सुई टोचायच्या आधीच सांगा.