वर्गातल्या मोबाईलला आधी ऐकू द्या

मंडळी, एवढ्या उकाड्यात तुम्ही आलात, बरं वाटलं. पत्रिकेत विषय छापलाय 'प्राथमिक वर्गात डिजिटल साधनं कशी वापरावीत'. तिकडे येतेच. पण बडोद्यात बसून या विषयाची सुरुवात मोबाईलपासून करणं मला पटत नाही.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथली काचेची जमीन आठवते ना? लहानपणी त्यावर पाय ठेवायला आपण सगळेच घाबरायचो. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर नेला. पुढे त्यांच्या लक्षात आलं की शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हातात पुढे वाचायला काही पडलं नाही, तर ते चार वर्षांत सगळं विसरतं. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव जायला लागली. एवढंच नाही, या ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षणाची शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांपासून सिनेमाच्या यंत्रापर्यंत सगळं तिच्याकडे होतं, आणि ते लोकांपुढे जायचं. पडद्यावर शिकवणं बडोद्याला नवीन नाही हो!

मला त्या पुस्तकांच्या पेटीचं फार कौतुक आहे. आधी गरज ठरली, मग पेटी बनली. आज आम्हा शिक्षकांच्या वाट्याला हे उलट्या क्रमाने येतं, आणि ते मला खटकतं.

मागे आमचं एक प्रशिक्षण झालं. कुठे, कोणी घेतलं, ते सोडा. सकाळपासून लॉगिन. ओटीपी यायचा तो एका बाईंच्या मिस्टरांच्या नंबरवर, आणि मिस्टर ऑफिसात. दुपारी हजेरी ऑनलाइन कशी भरायची. मग व्हिडिओ कसा लावायचा, प्रमाणपत्र कसं उतरवायचं. माझ्या शेजारी बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या बाई पहिलीला अख्खं आयुष्य शिकवत आल्यात. रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन त्याच्याकडून बाराखडी म्हणवून घेतात. त्या दिवसभर कुठलं बटण दाबायचं ते वहीत लिहीत होत्या. 'पहिलीच्या मुलाला तुम्ही वाचायला कसं शिकवता?' असं त्यांना कोणीही विचारलं नाही. मला त्याचा राग आला, अजून येतो. त्या खोलीत सगळ्यात जास्त ज्ञान त्यांच्याकडे होतं.

आणि व्हिडिओ म्हणजेच डिजिटल, ही समजूत. इथे कोणाकोणाची नातवंडं मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाहीत? हात वर करा पाहू. आजोबा, तुम्हीही! बघा, पडद्याकडे बघत बसण्याचा सराव मुलांना घरीच भरपूर आहे. वर्गात स्मार्ट बोर्डवर पुन्हा तेच, म्हणजे पडदा बोलणार आणि मूल गप्प.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा मुद्द्यावर येते.

वर्गात चाळीस मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकाचं वाचन ऐकायचं म्हटलं तर एकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. लहान मुलांना नीट वाचता-मोजता यावं म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या निपुण भारत मोहिमेचं लक्ष्य काय? तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत. पण कोण वाचतंय आणि कोण शेजाऱ्याच्या मागून ओठ हलवतंय, हे कळणार कसं? इथे मोबाईल कामाचा. साधा आवाज टिपणारा रेकॉर्डर, नेटही लागत नाही. वर्ग लेखनात गुंतलेला असताना एकेक मूल व्हरांड्यात जाऊन एक परिच्छेद वाचून येतं. रोज पाच-सहा मुलं. मी ते शांतपणे ऐकते.

माझ्या वर्गातली एक मुलगी, घरी मराठी, शाळेत गुजराती. अगदी मागच्या बाकावर, शब्द न बोलणारी. तिचं वाचन ऐकलं तर शब्द एकदम स्वच्छ! फक्त ती पूर्णविरामाला थांबत नव्हती, पुस्तकातली ओळ जिथे संपेल तिथे थांबत होती. त्यामुळे अर्थ तुटायचा. हे मला बाकांच्या गोंगाटात कधीच ऐकू आलं नसतं. तिला तिचंच वाचन ऐकवलं. म्हणाली, "बेन, आ मारो अवाज छे?" आणि तोच परिच्छेद, मी न सांगता, पुन्हा वाचून द्यायला गेली.

आता भराभर सांगते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचे क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आहेत, ते जरूर वापरा, पण व्हिडिओ दोन मिनिटांनी थांबवा आणि 'पुढे काय होईल?' हे मुलांना सांगू द्या. कॅमेरा मुलांच्या हातात द्या: शाळेच्या आवारातल्या पाच पानांचे फोटो काढा आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य बोला. झाला परिसर अभ्यास आणि भाषाही. आवाज टिपण्याआधी पालकांना विचारा, ते ग्रुपवर टाकू नका, काम झालं की पुसा. कोणाचं वाचन कोणापेक्षा चांगलं, हे वर्गात लावून दाखवायचं नाही, मुलाला फक्त त्याचंच मागच्या महिन्याचं ऐकवा. आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी विनंती आहे, पहिला तास त्या पहिलीच्या बाईंना द्या. त्यांना काय ऐकायचंय ते आधी विचारा, मग ॲप उघडा.

पाचच मिनिटं उरलीत. मोबाईल बाहेर काढा, रेकॉर्डर कुठे असतो ते दाखवते. पहिल्या रांगेपासून सुरू करू.