लेन्स घेण्याआधी अंतर मोजावे

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी आटोपली की आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी गळ्यात कॅमेरे अडकवलेली तरुण मंडळी दिसू लागतात आणि मला दर रविवारी तोच प्रश्न ऐकू येतो, "काका, पक्ष्यांसाठी कोणती लेन्स घेऊ?" विचारणारा बहुधा विद्यार्थी असतो किंवा नुकताच नोकरीला लागलेला असतो. म्हणून मी आधी त्याला विचारतो, की कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सने तू आजवर काय काय टिपलेस? गेल्या सहा महिन्यांतले फोटो संगणकावर उघडावेत आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला आहे, ते त्याच्या माहितीत पाहावे; हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते. बहुतेक फोटो ५५ वरच काढलेले असतील, तर तुम्हाला लांबचे टिपणारी लेन्स हवी आहे. घरातले आणि रात्रीचे फोटो हललेले असतील, तर कमी पडतो आहे तो प्रकाश. ही तपासणी फुकट होते आणि चुकीची खरेदी टळते.

रोजच्या छायाचित्रणाचे पाहू. रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात कढईतून गराडू, म्हणजे तळलेला कंद, काढणाऱ्या हातांचा फोटो १८-५५ ने, ५५ वर घ्यायला गेलो, तर प्रकाश आत सोडणारे तिचे छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे) आणि शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खाली येते. तेवढ्या वेळात झारा हलतो, वाफही हलते, आणि फोटो पुसट येतो. तिथेच ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स लावली, तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि शटर शंभराव्या भागावर जाते. झाऱ्यावरून ठिबकणारा तेलाचा थेंबसुद्धा मग नीट दिसतो. नव्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्तांपैकी ही लेन्स आहे आणि पहिली खरेदी हीच असावी, असे माझे मत आहे. मात्र आपल्या साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, लहान असल्यामुळे तिचा कोन ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतका अरुंद होतो. गणपतीच्या आरतीला बैठकीच्या खोलीत मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकते, तरी सगळे घर चौकटीत मावत नाही. ज्यांचे फोटो मुख्यतः घरातलेच असतात, त्यांनी निकॉनची ३५ मिलिमीटरची एफ १.८ किंवा कॅननची २४ मिलिमीटरची चपटी एफ २.८ पाहावी. निकॉनवाल्यांना एक सूचना आहे: डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी डी प्रकारची ५० मिलिमीटरची लेन्स स्वस्तात मिळाली, तरी फोकस हातानेच करावा लागेल.

निसर्गदृश्यांसाठी बहुतेकांनी काहीच विकत घेऊ नये. पातालपाणीचा धबधबा असो वा जानापावचा डोंगर, तीच १८-५५ लेन्स १८ वर ठेवावी, छिद्र एफ ८ करावे आणि सुमारे दोन मीटरवर फोकस करावा, म्हणजे एक मीटरवरच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. छिद्र एफ १६ च्याही पलीकडे लहान केल्याने फोटो अधिक स्पष्ट होत नाही, उलट प्रकाश पसरून तो मऊ पडतो. लेन्ससाठी ठेवलेले पैसे इथे तिवईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, घालावेत, आणि उरले तर ओल्या खडकावरची चकाकी कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरवर. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करत असताना छायाचित्रणाकडे वळलेल्या राजा दीनदयाळांनी एकोणिसाव्या शतकात जी कामे केली, ती जड तिवईवर कॅमेरा ठेवून काचेच्या पट्ट्यांवर केली होती, याची मला अशा वेळी हटकून आठवण होते.

आता पक्षी. इथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. तीस सेंटिमीटर लांबीचा पक्षी तीस मीटरवर बसला असेल, तर ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर तीन मिलिमीटरची पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या साधारण आठव्या भागाइतकी. ६०० ची लेन्स लावली, तर ती सहा मिलिमीटर होते. पण ३०० च लावून तुम्ही पंधरा मीटरपर्यंत पोचलात, तरीही ती सहा मिलिमीटरच होते! १५०-६०० ची लेन्स दोन किलोच्या आसपास भरते आणि तिच्या किमतीत दुसरा चांगला कॅमेरा येऊ शकतो. झुडपाआड अर्धा तास निश्चल बसायला मात्र काहीच पैसे पडत नाहीत. म्हणून सुरुवातीला ५५-२५० किंवा ७०-३०० पुरे, असे मी आग्रहाने सांगतो. सारस तर माणसाएवढा उंच असतो; यशवंत सागर तलावाच्या बाजूला तो शेतात पन्नास मीटरवर उभा असला, तरी ३०० च्या चौकटीत भरपूर जागा व्यापतो.

मात्र लांबच्या लेन्समध्ये हाताचा कंप झाकणारी सोय असलीच पाहिजे. तिला कॅनन आयएस म्हणते आणि निकॉन व्हीआर. निकॉनच्या एएफ-पी मालिकेत, लहान सेन्सरसाठीच्या ७०-३०० चे दोन प्रकार मिळतात आणि त्यांतल्या एकात ही सोय नसते, तेव्हा लेन्सवर व्हीआर ही अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. ही सोय फक्त आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर हजाराव्या भागाच्या खाली आणू नये.

लांबची लेन्स जुनी घ्यायलाही हरकत नाही, पण मी केलेली चूक तुम्ही करू नका. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी जुनी ७०-३०० घेतली, काच उजेडात धरून पाहिली आणि ती स्वच्छ वाटली. घरी रात्री मागच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकला, तेव्हा आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले. ती बुरशी होती, आणि उजेडाविरुद्ध काढलेला प्रत्येक फोटो तिच्यामुळे धुरकट येत असे. तेव्हापासून टॉर्च खिशात ठेवूनच मी दुकानाची पायरी चढतो. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का आणि मागच्या काचेवर ओरखडा आहे का, हेही त्याच झोतात पाहतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

गेल्या हिवाळ्यात सिरपूरला, काठच्या बेशरमाच्या झुडपाआड, सूर्य पाठीशी घेऊन मी ३०० ची लेन्स लावून बसलो होतो. पहिली वीस मिनिटे हळदीकुंकू बदकांची जोडी दूर पाण्यातच राहिली. मग ती शेवाळ खात खात इतकी जवळ आली, की काळ्या चोचीच्या टोकाचा पिवळा रंग आणि चोचीच्या मुळाशी असलेला लाल ठिपका मला चौकटीत वेगवेगळे दिसले, आणि मी बटण दाबले.