डेन्व्हरचे चार रुग्ण

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणार आहे सी डिफ या जिवाणूविषयी. पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. १९३५ मध्ये तो सापडला तो तान्ह्या बाळांच्या शीमध्ये, आणि बाळं होती ठणठणीत! कित्येकांच्या आतड्यात तो निमूट राहतो. बाकीचे जिवाणू त्याला डोकं वर काढू देत नाहीत.

आता एक हकीकत ऐका, मला फार आवडते. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. तिथले सर्जन बेन आयझमन यांच्यासमोर चार रुग्ण होते. अँटिबायोटिक्स घेतल्यावर जुलाब सुरू झालेले, थांबायचं नाव नाही. आतड्याला सूज, जीव धोक्यात. डॉक्टरांनी विचार केला, औषधाने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मारले असतील, तर ते परत का देऊ नयेत? परत द्यायचे, पण आणायचे कुठून? निरोगी माणसाच्या विष्ठेतून! होय, बरोबर ऐकलंत. त्याचा एनिमा दिला. आणि चारही रुग्ण बरे झाले. चारही! १९५८ मध्ये त्यांनी हे छापलं, तेव्हा सी डिफवर कुणाचा संशयसुद्धा नव्हता. खरा गुन्हेगार कळला वीस वर्षांनी, १९७८ मध्ये. आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी या उपचाराच्या रीतसर चाचणीचे निष्कर्ष छापले. निरोगी विष्ठेचं द्रावण दिलेल्या सोळांपैकी पंधरा जण बरे झाले. नेहमीचं औषध दिलेल्यांपेक्षा फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मध्येच थांबवली. मात्र हा उपचार इस्पितळातला, दात्याच्या कसून तपासण्या करूनच होणारा. घरी करायचा नाही.

तर लक्षात ठेवा, अँटिबायोटिक घेताना किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसातून तीनदा किंवा जास्त पातळ जुलाब झाले, तर डॉक्टरांकडे जा. पुन्हा सांगतो, डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. आणि सर्दीपडशाला मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक मागून आणणं कृपा करून बंद करा. सर्दी विषाणूंची असते, त्यांना हे औषध लागूच होत नाही.

घरात असा रुग्ण असेल तर साबण आणि पाणी. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, सॅनिटायझरने मरत नाहीत, हात धुवूनच निघतात. सरकारी कचेऱ्यांच्या दारात सॅनिटायझरची बाटली दिसते, आत बेसिनवर साबणाची वडी नसते. मला याचा मनापासून राग येतो. आधी साबण ठेवा हो!