मिग-२१ च्या पंखाची फट आणि हरवलेली पिटो नळी, दुरुस्ती घरच्या सामानात

नमस्कार मंडळी. हे बघा, जरा कॅमेऱ्याजवळ आणतो, ही पंख आणि बॉडीच्या मधली फट, नख अडकतंय इतकी मोठी. मॉडेल १/७२ स्केलचं मिग-२१ आहे, ऐरोलीच्या एका काकांनी आणून दिलंय. त्यांच्या मुलाने कॉलेजला असताना जोडायला घेतलं होतं, मग घर बदललं आणि त्या गडबडीत नाकावरची पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजणारी ती सुईसारखी पुढे आलेली नळी, आणि चाकाचा एक दरवाजा हरवला. २६ सप्टेंबर २०२५ ला आपल्या एअरफोर्सने चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, १९६३ पासूनची सर्व्हिस संपली, ते टीव्हीवर बघताना काकांना माळ्यावरचा हा डबा आठवला. त्यामुळे हे विमान मला अगदी मनापासून नीट करून द्यायचंय.

आता फट दिसली की आपला हात पहिला पुटीकडे जातो. थांबा. फट का पडलीय ते आधी बघा. गोंद न लावता पंख नुसता बसवून बघायचा, बऱ्याचदा आतल्या कडेला साच्यातलं जास्तीचं प्लास्टिक किंवा स्प्रूवरून, म्हणजे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, पार्ट कापल्याचा टोचरा राहिलेला असतो, तो ब्लेडने साफ केला की बरीचशी फट तिथेच मिटते. माझी इथे थोडी उरली. ती घालवायला लोक पंख वर दाबून टेप मारून ठेवतात आणि मिगमध्ये नेमकी तीच चूक होते, कारण या विमानाचे पंख सरळ आडवे नाहीत, टोकाकडे २ अंश खाली झुकलेले आहेत, तुम्ही दाबून फट मिटवलीत की तो झुकाव गेला, मग समोरून बघितलं की ते मिग वाटतच नाही. म्हणून आधी पंखाचा अँगल पक्का करायचा आणि फटीत प्लास्टिकची पट्टी भरायची.

पट्टी कुठली? किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. घरातले डिस्पोजेबल डबे, झाकणं उलटी करून बघा, त्रिकोणात ६ नंबर असेल तर ते पॉलिस्टायरीन, मॉडेलच्या गोंदाने विरघळून एकजीव होतं. श्रीखंडाचे डबे बहुतेक ५ नंबर असतात, त्यावर हा गोंद धरतच नाही, मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

पट्टी बसल्यावर केसाएवढी रेघ उरते. त्यासाठी याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे पातळ गोंदाच्या बाटलीत टाकून ठेवलेत, दुसऱ्या दिवशी काकवीसारखं दाट होतं. ते भरा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका, वाळताना ते थोडं बसतं.

पाठीवरचा लांब जोड वेगळा. तिथे पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरलेली रेघ, जोडावरून पलीकडे जाते, म्हणजे भरलेल्या जागेवर परत कोरायचंय, आणि पुटीवर कोरलं की कडा भुगा होऊन निघतात. तिथे मी फेव्हिक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरतो. तासाभराच्या आत घासून घ्या हं, रात्रभर ठेवलंत तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं, मधे उंचवटा राहतो. पावसाळ्यात तर अजून घाई करावी लागते, फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं आणि ठाण्याच्या जुलैत ओलाव्याला काय तोटा! घासायला ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, मग १०००, सगळं पाणी लावून.

मोठं भोक असेल तर एम-सील. गाडीच्या पेंटवाल्याकडची एनसी पुटी ओरखड्यांपुरतीच आणि पातळ थरात, जाड थापलीत तर आतलं थिनर प्लास्टिक मऊ करतं.

आता दरवाजा. दुसऱ्या बाजूचा शाबूत आहे, तो कागदावर ठेवून आखला, कागद उलटा केला की डाव्याचा उजवा झाला. ६ नंबरच्या झाकणातून कापला. पण विमानाचं पोट गोल आहे, सपाट दरवाजा लगेच ओळखू येतो, म्हणून जाड मार्करवर टेपने गुंडाळून उकळत्या पाण्यात धरला, चिमट्याने, आणि लगेच गार पाण्यात. वळण तसंच राहतं.

आणि पिटो नळी. स्प्रू गरम करून तारेसारखा ताणून वापरतात लोक, पण तो वाकतो. मला केमिस्टकडच्या इंजेक्शनच्या सुया आवडतात. २३ नंबरच्या सुईच्या पोटात ३० नंबरची बरोबर सरकते, म्हणजे मागे जाड, पुढे बारीक, खऱ्यासारखी. पक्कडीने कापू नका, नळी चेपते, बारीक कानशीने गोल फिरवत खाच पाडा आणि मोडा. चष्मा घाला, टोक आधी घासून बोथट करा, घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावरच. धातूला मॉडेलचा गोंद चालत नाही, नाकात बारीक ड्रिलने भोक आणि फेव्हिक्विकचा थेंब.

आता सगळ्यावर राखाडी प्रायमर, खिडक्या बंद करून एक्झॉस्ट फॅन लावून, कारण आमच्याकडे घोडबंदर रोडची धूळ थेट आत येते. प्रायमर मारल्यावर टॉर्च आडवा धरून बघा, हे बघा, इथे डाव्या पंखापाशी अजून एक रेघ दिसतेय, ती उद्या परत भरणार.

पिटो आत्ता लावत नाहीये. रंग आणि डेकल, म्हणजे खुणांचे स्टिकर, होईपर्यंत हात लागून दहा वेळा मोडेल, म्हणून या बाटलीच्या झाकणात टेपने चिकटवून ठेवलीय. ऐरोलीला काकांच्या घरी पोचल्यावर, त्यांच्यासमोरच लावीन.